सोसायटीच्या योगवर्गात खेळ आणि सोबत: कुठे, किती आणि कोणत्या क्रमाने

योगवर्ग खेळीमेळीचा करायचं ठरलं की बहुतेक ठिकाणी पहिल्याच दिवशी जोड्या लावल्या जातात. लिफ्टमध्ये मान डोलावण्यापलीकडे ज्यांची ओळख नाही अशा दोघांना पाठीला पाठ लावून बसवलं जातं. कोणीतरी मोबाइल काढतं. शेवटी 'वृक्षासनात सगळ्यात जास्त वेळ कोण टिकतंय बघू' म्हणून चुरस लागते. त्या दिवशी भरपूर हशा होतो. पुढच्या आठवड्यात दोन काकू पाहुण्यांचं निमित्त सांगून येत नाहीत आणि एक आजोबा खरोखरच गुडघा धरून बसलेले असतात.

अशा वर्गांत बिघडतो तो क्रम. खेळाची जागा सुरुवातीला आहे: अंग मोकळं करायला आणि घरातून आलेलं लक्ष चटईवर आणायला. सोबतीची जागा मध्ये आहे, अंग तापल्यावर, तोल सांभाळायला. प्राणायाम आणि शवासन ज्याचं त्याने, गप्प राहून करायचं. हे तिन्ही एकमेकांत मिसळले की ना धड खेळ होतो, ना धड योग.

खालचे टप्पे दहा ते वीस जणांच्या, मिश्र वयाच्या, गच्चीवर किंवा सभागृहात चालणाऱ्या तासाभराच्या वर्गासाठी आहेत. वर्ग घेणाऱ्याला मूळ आसनं नीट येतात हे गृहीत धरलं आहे. स्वतःला न येणारं आसन जोडीने करून घेऊ नका.

## टप्पा १: जागा आणि जमीन

जागेची पाहणी अनवाणी करा. चपला घालून फिरल्यावर जमिनीचं काही कळत नाही.

बहुतेक घरांतून सतरंज्या येतात. बसून आणि झोपून करायच्या आसनांना सतरंजी उत्तम. पण गुळगुळीत फरशीवर ती सरकते, आणि एका पायावर उभं राहिलेल्या माणसाखालून दोन बोटं जरी सरकली तरी तो पडतो. म्हणून उभ्याने करायचे सगळे खेळ आणि जोडीची सगळी उभी आसनं अनवाणी, थेट जमिनीवर. रबरी मॅट असली तरी गोलात उभं राहताना ती गुंडाळून भिंतीशी ठेवा, कारण मॅटच्या कडेला अंगठा अडकतो.

गच्ची असेल तर पाण्याच्या टाकीकडे जाणारे पाइप कुठून जातात ते पाहून ठेवा. तोलाचे खेळ कठड्यापासून निदान सात-आठ फूट आत घ्या. पावसाळ्यात गच्ची विसरा. शेवाळ दिसायच्या आधी पायाला कळतं आणि तोवर उशीर झालेला असतो. पार्किंगमध्ये वर्ग हलवलात तर तेलाचे डाग आधी पुसून घ्या आणि सकाळी गाडी काढणाऱ्यांच्या वेळा विचारून घ्या. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत गच्ची लवकर तापते. तिथे सहाच्या आत सुरुवात करून सातपर्यंत आटोपलेलं बरं.

आवाजाचंही बघा. हशा खालच्या मजल्यावर चांगलाच ऐकू येतो. गच्चीच्या लगेच खालच्या घरांना आधी जाऊन सांगितलं की तक्रार सहसा येत नाही. सकाळी पावणेसातच्या आत टाळ्यांचे खेळ नकोत.

तपासा: एक मजबूत खुर्ची आणि एक मोकळी भिंत प्रत्येक पाच-सहा जणांमागे आहे का? नसेल तर तोलाचे खेळ पुढे ढकला.

## टप्पा २: प्रत्येकाशी दोन मिनिटं, एकेकट्याने

हा टप्पा सगळे गाळतात आणि पुढची निम्मी दुखणी इथूनच येतात. सगळ्यांसमोर 'कोणाला काही त्रास आहे का?' असं विचारलं तर कोणी हात वर करत नाही. बाजूला घेऊन, हळू आवाजात विचारा. काय विचारायचं आणि त्यावरून काय टाळायचं ते असं:

- रक्तदाब, काचबिंदू, डोळ्याच्या पडद्याची शस्त्रक्रिया: डोकं हृदयाच्या खाली जाईल असं काही नको, श्वास रोखणं नको. खाली वाकून झटकन वर येण्याचे खेळही नकोत.
- ठिसूळ हाडं: पुढे खोल वाकणं आणि कंबरेतून जोराने पिळणं टाळा. कोणी ओढून वाकवणं तर अजिबात नको.
- गुडघेबदल किंवा गुडघेदुखी: वज्रासन, उकिडवं बसणं, उड्या बंद. पर्याय म्हणून खुर्ची.
- हर्निया, पोटाची अलीकडची शस्त्रक्रिया: नौकासन आणि पोट हलवून मोठ्याने हसणं नको.
- खांदा आखडलेला: गोलात हात वर धरायचे नाहीत, हात छातीशी जोडून उभं राहायचं.
- चक्कर: मान गरागरा फिरवणं, डोळे मिटून तोल सांभाळणं बंद.
- मधुमेह: उपाशीपोटी गोळी किंवा इन्सुलिन घेऊन येतात का, ते विचारा आणि त्याबद्दल त्यांच्या डॉक्टरांना विचारायला सांगा. हात थरथरू लागले, दरदरून घाम आला तर लगेच थांबवून साखर द्यायची. वर्गाच्या पिशवीत ग्लुकोजची पुडी कायम असू द्या. तळपायाची संवेदना कमी झाली असेल तर तोलाची आसनं भिंतीला धरून.
- गरोदरपण: या वर्गात जोडीचं काही नको. डॉक्टरांना विचारून, वेगळ्या मार्गदर्शनाखाली करू द्या.

आणखी एक गोष्ट आहे, जी कोणी सांगत नाही. बाळंतपणानंतर किंवा चाळिशीनंतर अनेक बायकांना हसताना, खोकताना, उडी मारताना लघवीचे थेंब सुटतात. खेळ सुरू झाला की त्या वर्ग सोडतात आणि कारण मात्र 'सकाळी डबे असतात' असं देतात. म्हणून वर्गाच्या आधी सगळ्यांनी बाथरूमला जाऊन यायची पद्धत ठेवा. उडी असलेल्या प्रत्येक खेळाला पाऊल टाकण्याचा पर्याय आपणहून सांगा आणि कोण कोणता पर्याय घेतं याची चौकशी करू नका. वर्गात एखादी जाणती ताई असेल तर तिने बायकांना सांगावं की यावर उपचार आहेत, स्त्रीरोगतज्ज्ञांना किंवा फिजिओथेरपिस्टना विचारायला संकोच करू नये.

सावधान: ही माहिती तुमच्या वहीत राहू द्या, ग्रुपवर जाऊ देऊ नका. 'जोशी काकांचं बीपी आहे ना, म्हणून त्यांना नको' हे वाक्य सगळ्यांसमोर एकदा जरी उच्चारलं गेलं तरी पुढे तुम्हाला कोणी खरं सांगणार नाही.

## टप्पा ३: स्पर्शाचा नियम पहिल्या दिवशीच

आपल्याकडे 'नको' म्हणायला माणसाला जड जातं. शेजारच्या वहिनींना वाईट वाटेल, सरांना राग येईल, म्हणून लोक मनाविरुद्ध हात पुढे करतात. तेव्हा तोंडाने नकार द्यायची वेळच येऊ नये अशी सोय करा.

सोपी खूण म्हणजे रुमाल. ज्याला आज स्पर्श नको, त्याने घडी केलेला रुमाल आपल्या चटईच्या पुढच्या टोकाला ठेवायचा. कारण विचारायचं नाही. पाळी, पाठदुखी, भांडण, नुसताच कंटाळा, काहीही असू शकतं. वर्ग घेणाऱ्याने पहिल्या आठवड्यात एकदा स्वतःचाही रुमाल ठेवावा, म्हणजे बाकीच्यांचा संकोच जातो.

जोडी ज्याने त्याने निवडायची. बायका बायकांबरोबर आणि पुरुष पुरुषांबरोबर ही सुरुवातीची पद्धत ठेवली तर बहुतेकांना मोकळं वाटतं. नवरा-बायको आहेत म्हणून त्यांची जोडी आपणहून लावू नका. घरात जो सुधारणा सांगतो तो इथेही सांगत बसतो, आणि दुसऱ्याचा एकुलता मोकळा तास जातो.

आणि वर्ग घेणाऱ्यानेही हात लावण्याआधी विचारायचं. 'काकू, खांदा जरा खाली घेऊ का?' एवढं पुरे. उत्तर येईपर्यंत थांबायचं.

## टप्पा ४: तासाची वाटणी

- नावं आणि हजेरी: ५ मिनिटं
- खेळ: १० मिनिटं
- ज्याची त्याची आसनं, सूर्यनमस्कार: २० मिनिटं
- गोल किंवा जोडी: १० मिनिटं
- प्राणायाम: ५ मिनिटं
- शवासन आणि उठणं: १० मिनिटं

गोल आणि जोडी रोज नको. आठवड्यातून एकदा, शनिवारी किंवा रविवारी पुरे. एरवी ती दहा मिनिटं आसनांना द्या. रोज जोडी लावली की लोक स्वतःच्या तोलावर उभं राहायचं विसरतात. खेळही रोज एकच घ्या, दोन नकोत. दुसरा खेळ घ्यायचा मोह झाला की शवासन कापलं जातं.

जेवणानंतर तीन ते चार तास गेलेले असावेत, हा नियम संध्याकाळच्या वर्गात हमखास मोडतो. पाच वाजता चहाबरोबर वडापाव आणि सहाला भुजंगासन असं करू नका.

## टप्पा ५: नावांचा फेरा

गोलात उभं राहायचं. एकाने आपलं नाव सांगायचं आणि त्याबरोबर एक छोटी हालचाल करायची: मनगट फिरवणं, खांदे वर-खाली, घोटा फिरवणं. सगळ्यांनी ते नाव म्हणत तीच हालचाल चार वेळा करायची. मग पुढचा. पंधरा जणांचा फेरा होईपर्यंत मानेपासून घोट्यापर्यंत सगळे सांधे हलून झालेले असतात.

नाव स्वतःचं सांगायचं, यावर अडून राहा. आपल्या सोसायट्यांमध्ये बायका वर्षानुवर्षं 'तीनशेदोनच्या वहिनी' किंवा 'अथर्वची आई' असतात. इथे त्यांनी 'सुनंदा' म्हणायचं आणि चौदा जणांनी 'सुनंदा' म्हणत खांदे फिरवायचे. वयाने मोठ्यांना नावापुढे काका, मावशी, ताई लावायला हरकत नाही, पण नाव ऐकू आलं पाहिजे. गट जमायला याइतकी उपयोगी गोष्ट मी दुसरी पाहिलेली नाही.

तपासा: दोन आठवड्यांनी प्रत्येकाला निदान आठ जणांची नावं येतात का? येत नसतील तर जोडीच्या टप्प्याकडे जाऊ नका. नाव माहीत नसलेल्या माणसावर कोणी वजन टाकत नाही.

## टप्पा ६: खेळ निवडणं आणि बदलणं

नवे खेळ शोधत बसू नका. आपले अंगणातले खेळ सगळ्यांना येतात, समजावण्यात वेळ जात नाही. फक्त तीन गोष्टी बदलायच्या: पळायच्या जागी चालायचं, उडीच्या जागी पाऊल टाकायचं, आणि कोणीही बाद व्हायचं नाही.

शिवाजी म्हणतो. 'शिवाजी म्हणतो, ताडासन.' सगळे ताडासनात. 'हात खाली!' इथे शिवाजीचं नाव नाही, म्हणून हात वरच राहिले पाहिजेत. ज्याचे हात खाली आले तो बाहेर जात नाही, तोच पुढचा शिवाजी होतो. दोन सूचनांमध्ये तीन श्वासांचं अंतर ठेवा. घाई केली की लोक फसतात, मजा येते, पण आसन कोणाचंच होत नाही. ताडासन, कटिचक्रासन, अर्धकटिचक्रासन, कोनासन अशी उभी आणि सोपी आसनं घ्या. पादहस्तासन या खेळात घेऊ नका.

तळ्यात-मळ्यात. खडूने एक रेघ ओढा. 'तळ्यात' म्हटलं की रेघेपलीकडे एक पाऊल, 'मळ्यात' म्हटलं की मागे. लोकांना जमलं की 'तळ्यात' म्हटल्यावर दुसरा पाय जमिनीपासून चार बोटं उचलून दोन श्वास थांबायचं. साठीच्या पुढच्यांनी भिंतीला समांतर उभं राहून एक हात भिंतीला टेकवायचा. घोटा आणि नडगीच्या स्नायूंना हा फार चांगला व्यायाम आहे.

स्टॅच्यू. सगळे संथ चालतात, टाच आधी आणि मग चवडा. 'स्टॅच्यू' म्हटलं की आहे तिथे थांबायचं आणि श्वास चालू ठेवायचा. 'श्वास चालू' हे दर वेळी मोठ्याने सांगा, कारण थिजताना माणूस नकळत श्वास धरतो.

मुलं आली तर. सुट्टीच्या दिवशी नातवंडं येतात. त्यांना वर्ग चालवायला द्या. मुलाने प्राण्याचं नाव सांगायचं, मोठ्यांनी आसन करायचं: मांजर, साप, मगर, बेडूक, सिंह. मार्जारासन, भुजंगासन, मकरासन, मंडूकासन, सिंहासन सगळं आपसूक होतं. सिंहासनात जीभ बाहेर काढून गर्जना करणारे आजोबा पाहिले की मुलं पुढच्या रविवारी स्वतःहून येतात. बेडूक फक्त ज्यांचे गुडघे धड आहेत त्यांनी करायचा. मुलांना श्वास रोखायला लावू नका.

हसणं. १९९५ साली मुंबईतून सुरू झालेल्या हास्यक्लबांमुळे हात वर करून 'हो-हो, हा-हा-हा' सगळ्यांना माहीत आहे. अनेक गट ते शवासनानंतर शेवटी घेतात. ते खेळाच्या टप्प्याच्या अखेरीस घ्या. निवांत झालेल्या श्वासाला पुन्हा ढवळायचं कारण नाही.

सावधान: बक्षीस ठेवू नका, वेळ मोजू नका, 'बघा, कुलकर्णी आजी सत्तरीच्या आहेत तरी' असं कोणाचं उदाहरण देऊ नका. कौतुक झालेल्या आजी दुसऱ्या दिवशी झेपेल त्याहून जास्त करतात.

## टप्पा ७: एकत्र सूर्यनमस्कार

बारा नावं, बारा अवस्था. गोलात किंवा दोन रांगांत समोरासमोर उभे राहा. प्रत्येक नमस्काराआधी एकाने एक नाम म्हणायचं: ॐ मित्राय नमः, पुढच्याने ॐ रवये नमः, मग सूर्याय, भानवे, खगाय, पूष्णे, हिरण्यगर्भाय, मरीचये, आदित्याय, सवित्रे, अर्काय, भास्कराय. बाकीच्यांनी ते मागोमाग म्हणायचं. ज्याला मंत्र म्हणायचे नसतील त्याने नुसता आकडा म्हणावा, त्यावरून वाद घालू नये.

इथली नेहमीची अडचण वेगाची. कॉलेजला जाणारा मुलगा नाम म्हणतो तेव्हा नमस्कार वीस सेकंदांत संपतो आणि मागचे धापा टाकतात. उपाय असा की गटातल्या सगळ्यात संथ माणसाला मध्ये उभं करायचं आणि त्याच्या श्वासावर सगळ्यांनी जायचं. त्याला हे आधी विचारून घ्या. सुरुवातीला चार नमस्कार पुरे. ज्यांना जमिनीवर जाता येत नाही त्यांनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून करायचे.

## टप्पा ८: गोल, मग जोडी

आधी गोल, आणि तोही दोन-तीन आठवडे. मगच जोडी. गोलात वजन सगळ्यांत वाटलं जातं, जोडीत ते एकाच माणसावर येतं.

### गोलातलं वृक्षासन

१. गोलात तोंड आत करून उभे राहा. कोपरं वाकवून हात खांद्याच्या उंचीवर बाजूला न्या. शेजाऱ्याच्या तळव्याला तळवा टेकला पाहिजे, इतकंच अंतर.

२. बोटं गुंफायची नाहीत, मनगट धरायचं नाही. नुसते तळवे टेकवायचे. गुंफलेल्या हातांनी एक पडला की तिघे जातात.

३. सगळ्यांनी उजवाच पाय उचलायचा. एकाने डावा उचलला की शेजाऱ्याच्या गुडघ्यावर गुडघा आपटतो. हे सांगायचं राहून जातं आणि गोल इथेच मोडतो.

४. पाऊल घोट्याशी किंवा पोटरीवर. गुडघ्याच्या सांध्यावर कधीच नाही. बोटं जमिनीवर टेकलेली राहिली तरी चालेल.

५. नजर गोलाच्या मधोमध जमिनीवर. तिथे एखादा तांब्या किंवा चपलेएवढी कोणतीही वस्तू ठेवा.

६. चार श्वास. आवाज देऊन सगळ्यांनी एकदम पाय खाली. मग डावा.

नुसत्या बोटांच्या टोकांचा आधार मिळाला तरी उभ्या माणसाचं डोलणं कमी होतं. त्यामुळे एकट्याने दोन श्वासही न टिकणारी मंडळी गोलात निवांत उभी राहतात आणि त्यांचा स्वतःवरचा विश्वास वाढतो. पण तळव्यावर दाब देऊन उभं राहणारा कोणी ना कोणी असतोच. 'पापड मोडणार नाही एवढाच स्पर्श' असं सांगितलं की कळतं.

तपासा: तळवे हळूच एक इंच दूर करायला सांगा. गोल दोन श्वास टिकला तर लोक स्वतःच्या पायावर उभे आहेत.

### पाठीला पाठ

दोघं सुखासनात, माकडहाडापासून पाठी टेकवून बसतात. बुटक्या माणसाखाली चादरीची घडी द्या, म्हणजे खांदे जवळपास एका रेषेत येतील. खाली बसता येत नसेल तर बिनपाठीची दोन स्टुलं. पहिली काही मिनिटं श्वास जुळवायचा प्रयत्न करू नका. मागच्याचा श्वास पाठीला कुठे जाणवतो, कमरेपाशी की खांद्याच्या पात्यांमध्ये, एवढंच बघायचं. मुद्दाम जुळवायला गेलं की लांब श्वासवाला दुसऱ्याला दमवतो.

यातच हलकं वक्रासन घेता येतं. दोघंही आपापल्या उजवीकडे वळतात, उजवा हात मागच्याच्या डाव्या गुडघ्यापाशी, डावा स्वतःच्या उजव्या गुडघ्यावर. हाताने ओढायचं नाही. वळण कमरेतून येईल तेवढंच.

### समोरासमोर उत्कटासन

फुगडी घातलेल्यांना यातला तोल लगेच कळतो: मागे झुकायचं ते समोरच्याच्या भरवशावर. गिरकी मात्र घ्यायची नाही.

१. साधारण सारख्या वजनाची जोडी. ताकदीचा माणूस आणि किरकोळ माणूस अशी जोडी नको.

२. एकमेकांची मनगटं धरा, बोटं नाहीत. बांगड्या, घड्याळ, अंगठ्या आधी काढून ठेवा. घामाने हात निसटत असतील तर आज हे आसन सोडून द्या.

३. पाय नितंबांच्या रुंदीइतके दूर. हात सरळ होईपर्यंत दोघं मागे सरका.

४. खुर्चीवर बसल्यासारखे खाली या. ज्याचे गुडघे आधी थांबतील तिथेच दोघांनी थांबायचं. साठीच्या पुढच्यांच्या मागे खरी खुर्ची ठेवा. ती कोणीतरी धरून ठेवावी.

५. दोन श्वास. 'एक, दोन, वर' म्हणत एकदम वर. एकाने आधी हात सोडला की दुसरा मागे आपटतो, म्हणून दोघं सरळ उभे राहिल्याशिवाय हात सोडायचे नाहीत.

### हे करूच नका

पश्चिमोत्तानासनात मागून पाठीवर दाब देणं हे सगळ्यात जास्त दिसतं आणि सगळ्यात जास्त नुकसान करतं. समोरून हात ओढून वाकवणंही तसंच. मांडीच्या मागचा स्नायू किंवा कमरेतली चकती बिघडायला एक हिसका पुरतो. शशांकासनात बसलेल्याच्या पाठीवर दुसऱ्याने आडवं होणं, पायांवर कोणाला उचलून धरणं, शीर्षासनात पाय पकडणं हेही नको. व्हिडिओत दिसतं ते शिकलेल्या तरुण शरीरांचं असतं.

## टप्पा ९: गप्प होणं

हशा झाल्यावर एकदम 'डोळे मिटा' म्हटलं की पाच मिनिटं खुदखुद चालते. मध्ये एक पायरी ठेवा: सगळ्यांनी आपापल्या चटईवर जायचं, एकमेकांकडे पाठ करून बसायचं, आणि भ्रामरीची पाच आवर्तनं करायची. गुणगुणण्यात आवाजाची हौसही भागते आणि श्वास लांबतो. मग अनुलोम-विलोम, श्वास न रोखता. मग शवासन, निदान सात मिनिटं. या वेळात कोणी बोलत नाही, गाणं लागत नाही, सूचना कमीत कमी.

उठताना कुशीवर वळून, हाताचा आधार घेऊन, थोडं बसून मग उभं राहायचं. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना झटकन उठल्यावर अंधारी येते.

## टप्पा १०: वर्गाबाहेरची सोबत

कामं पाळीने वाटा: जागा झाडणं, हजेरी, शनिवारचा खेळ निवडणं, आणि न आलेल्याला फोन करणं. शेवटचं काम सगळ्यात महत्त्वाचं. सलग दोन दिवस कोणी आलं नाही तर फोन करायचा, मेसेज नाही. 'का नाही आलात?' असं विचारलं की माणूस सबब शोधतो. 'सगळं ठीक ना? काही हवंय का?' असं विचारलं की तो बोलतो. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांसाठी हा फोन वर्गाइतकाच मोलाचा आहे.

व्हॉट्सअॅप ग्रुप फक्त वेळ आणि जागेसाठी. सुप्रभातचे निरोप, राजकारण आणि काढ्यांच्या पाककृती सुरू झाल्या की लोक ग्रुप म्यूट करतात आणि मग 'आज वर्ग पार्किंगमध्ये' हा निरोप कोणी वाचत नाही. फोटो फक्त ठरलेल्या दिवशी, विचारून, आणि आसन करतानाचे नकोत.

चहा आठवड्यातून एकदा, चहा-बिस्किटं एवढाच. पहिल्या शनिवारी पोहे आले की दुसऱ्या शनिवारी साबुदाणा वडे येतात, तिसऱ्या शनिवारी ज्यांची खाऊ आणायची पाळी आहे त्या ताई आजारी पडतात.

नव्याने आलेल्याला पहिले तीन-चार दिवस एक जुनी व्यक्ती शेजारी द्या. तिने काही शिकवायचं नाही, फक्त शेजारी असायचं आणि खुर्ची कुठे आहे ते दाखवायचं.

## टप्पा ११: पहिला महिना आणि सुट्ट्या

पहिला आठवडा: नावांचा फेरा आणि एक खेळ, बाकी नेहमीचं. दुसरा आठवडा: खेळ चालवायला वेगवेगळी माणसं. तिसरा आठवडा: गोलातलं वृक्षासन, तेही शनिवारीच. चौथा आठवडा: पुन्हा गोल, आणि नावांची तपासणी पार पडली असेल तर पाठीला पाठ. उत्कटासन दुसऱ्या महिन्यात.

२१ जूनला, आंतरराष्ट्रीय योगदिनी, उत्साहाने खूप जण येतात. त्या दिवशी आयुष मंत्रालयाचा ४५ मिनिटांचा कॉमन योगा प्रोटोकॉल घेतात. त्यात खेळ घुसवू नका, आणि नवख्यांच्या जोड्या तर लावूच नका. नंतर मात्र नावांचा फेरा घ्या आणि दुसऱ्या दिवसाची वेळ तिथेच सांगा.

गणपती आणि दिवाळीत वर्ग बंद पडतो आणि 'नंतर सुरू करू' म्हणता म्हणता डिसेंबर उजाडतो. सुट्टी जाहीर करतानाच परत सुरू व्हायची तारीख आणि त्या दिवशी खेळ कोण चालवणार त्याचं नाव ठरवून टाका. परतल्यावर पहिला आठवडा सूर्यनमस्कार निम्मे करा, जोडी लावू नका, आणि टप्पा २ मधले प्रश्न पुन्हा विचारा. दिवाळीच्या साफसफाईत कोणाची पाठ धरलेली असते आणि कोणाची गोळी बदललेली असते.